आईच्या मापाचा पिंजरा

आमच्या हायस्कुलात आठवड्यातला एक दिवस दप्तर न्यायचं नसे. त्या दिवशी निळा एप्रन पिशवीत टाकून जायचं आणि प्रार्थना झाली की वर्गात न जाता इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचं. नववी-दहावीच्या सगळ्यांना तिथं आळीपाळीनं कामं शिकवत. कधी लोखंड आणि लाकूड, कधी विजेचं काम, कधी शेती आणि जनावरं, कधी स्वयंपाक आणि आरोग्य. मुलगे लिंबाचं लोणचं घालत आणि मुली भिंतीत ड्रिलनं भोकं पाडत. वेळापत्रकात या विषयाचं नाव लांबलचक होतं, पण शिपायापासून मुख्याध्यापिका बाईंपर्यंत सगळे त्याला वर्कशॉपच म्हणायचे.

मी त्या शाळेत आले ती आत्यामुळं. आमचं घर मेंढरांचं. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, वर्षाचे बहुतेक महिने मेंढरं घेऊन जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडच्या गावांतून फिरत असायचे. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, जमिनीला लेंडीखत मिळतं. मग बिऱ्हाड घोडीवर लादून पुढचं रान. असल्या फिरतीत पोरीचं शिक्षण व्हायचं नाही हे आत्यानं ओळखलं आणि बेल्ह्याजवळच्या आपल्या घरी मला ठेवून घेतलं. आत्याच्या सासरी शेती होती, घराला पक्क्या भिंती होत्या, आणि तिथून हायस्कूल चालत जाण्याजोगं होतं.

वर्कशॉपचे सर चाळिशीचे, अंगानं बारीक. आवाज इतका हळू की ग्राइंडर चालू असला की ते हातवाऱ्यांनीच बोलत. कुणी अंदाजानं पाइप कापायला निघालं की म्हणत, “डोळ्याला विचारू नका, टेपला विचारा.” मी पहिल्यांदा वेल्डिंगचा रॉड धरला तेव्हा तो लोखंडाला घट्ट चिकटून बसला. मला वाटलं, सर आता माझ्या हातातून घेतील आणि करून दाखवतील. ते जागचे हलले नाहीत. “हलव. उपट. परत लाव,” एवढंच म्हणाले. तो परत चिकटला. परत उपटला. घंटा झाली तरी मला उठावंसं वाटेना.

काळ्या काचेतून बघताना शेड, पोरं, दार, सगळं नाहीसं होतं. एक हिरवट ठिपका तेवढा उरतो आणि तो न घाबरता पुढं सरकवत न्यायचा असतो. मला ते फार आवडलं. गणितात मी बेताचीच होते, इंग्रजीचं तर विचारूच नका. पण दिवाळीच्या सुमारास माझा जोड सरळ यायला लागला आणि सरांनी तो अख्ख्या वर्गात हातोहात फिरवला. शाळेत माझी कुठलीही गोष्ट अशी हातोहात फिरण्याची ती पहिलीच वेळ होती.

दिवाळीच्या सुट्टीत बिऱ्हाडावर गेले तेव्हा आबांनी माझ्या मनगटावरचे ठिणग्यांचे बारीक डाग पाहिले.

“आत्या तुला चुलीम्होरं लई बसवती काय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मी वेल्डिंग शिकते.

“शाळंत?”

“शाळंत.”

आबांनी एक मेंढरू काठीनं आत वळवलं. मग म्हणाले, “मंग पुस्तकं कवा शिकवत्यात?”

त्या थंडीत पारगावच्या बाजूला ऊसतोड लागली. ऊस उभा असतो तोवर बिबट्या त्यात राहतो, पिल्लं घालतो. तोड झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो दिसेल तिकडे हिंडायला लागतो. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. आबांचं बिऱ्हाड तेव्हा नेमकं तिथल्याच एका मोकळ्या रानात उतरलेलं होतं. एका सकाळी आत्याच्या मोबाइलवर आईचा फोन आला. वाघानं दोन कोकरं नेली होती.

रविवारी मी एसटीनं गेले. मेंढरांभोवती आम्ही दोरीची जाळी उभी करतो, तिला वाघर म्हणतात. नावात वाघ ऐकू येत असला तरी ती मेंढरं आत ठेवायची जाळी, वाघाला ती काही अडवत नाही. आबा तीच वाघर नव्यानं ताणून बांधत होते. वन खात्याची माणसं पंचनामा करून, रात्री उजेड ठेवा असं सांगून गेली होती. आई मला पालाच्या मागं घेऊन गेली. अगदी लहान कोकरं ती रात्री आपल्या कुशीला घेते, थंडीनं मरू नयेत म्हणून. आणि मेंढरांवर नजर राहावी म्हणून ती पालात झोपत नाही, उघड्यावरच वाकळ टाकते. तिनं ती वाकळ माझ्यासमोर पसरली. एका टोकाला मातीचा पंजा उमटलेला होता. तिनं तो झटकला नव्हता, मला दाखवायचा म्हणून तसाच ठेवला होता.

“हे बग,” ती म्हणाली. “माझ्या पायाशी उभा व्हता.”

तिचा आवाज भाकरी झाली का विचारावं तसा होता. तोवर मी कोकरांसाठी हळहळत होते. त्या पंजाकडे बघितलं आणि कोकरं डोक्यातून पार निघून गेली.

“तू पालात झोप,” मी म्हणाले.

“आन कोकरं?”

“ती बी पालात.”

“मंग मेंढरं कोन बघंल?” आई म्हणाली आणि वाकळ घडी करायला लागली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

पुढच्या वर्कशॉपच्या दिवशी मी एक चांगला पाइप जाळून त्याला भोक पाडलं. सर शेजारी येऊन उभे राहिले. “आज लक्ष कुठं आहे तुझं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. वाकळेवरच्या पंजापर्यंत आले आणि परत पाइप घासायला लागले, तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं पुढचं सांगितलं. ती पश्चिमेकडच्या डोंगरातली, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातली, शाळेजवळच्या वसतिगृहात राहायची. तिला मी आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं.

सरांनी ग्राइंडर बंद करायला लावला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

“या वर्षी आपण शाळेचं फाटक करणार होतो,” ते म्हणाले. “ते राहू द्या. काय करायचं ते ही सांगेल.”

मी म्हणाले, “कोकरांना एक पिंजरा करू.”

“कोकरांना नको,” सर म्हणाले. “आईला करू. कोकरं तिच्याबरोबर आत येतील.”

कुणीतरी हसलं. पण ते हसू पुढं गेलं नाही, कारण ऊस सगळ्यांच्याच घराभोवती होता.

माप घ्यायला सर आम्हा काही जणांना घेऊन बिऱ्हाडावर आले. आईला सांगितलं, वाकळेवर आडवी हो, टेप लावायचाय. सरांच्या समोर आडवं व्हायची तिला लाज वाटली.

“मास्तर, मी काय मढं हाय का माप घ्यायला?” ती पदर सावरत म्हणाली.

सर लगेच पाठ फिरवून आबांकडे गेले. मग मैत्रिणीनं आईला बोलण्यात गुंतवून बसवलं, झोपवलं आणि माप घेतलं. कूस बदलायला जागा, डोक्याशी तांब्या ठेवायला जागा, कोकरांना जागा. तिकडं सर घोडीला टेप लावत होते आणि घोडी दर वेळी एक पाऊल सरकत होती. आबा तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, वज्जं दोन्ही अंगाला सारकं पायजे. आन पोटाखाली गेलं तर तिला पाय टाकता येत न्हाई.” सरांनी ते जपून लिहून घेतलं. पिंजरा घडीचा हवा, रोज खोलून घोडीवर लादता यायला हवा, हे आम्हाला तिथं उभं राहिल्यावरच नीट कळलं.

पहिला पिंजरा आम्ही लोखंडी अँगलचा केला. दिसायला दणकट. वर्गातल्या दोघांनी त्यावर उड्या मारून बघितल्या, काही झालं नाही. आम्ही फुशारून गेलो होतो. बिऱ्हाड शाळेच्या जवळच्या रानात आलं तेव्हा आबा घोडी घेऊन मैदानात आले. सगळी शाळा खिडक्यांत गोळा झाली. आबांनी पिंजऱ्याच्या बाजू लादल्या, दोर आवळला, घोडी हाकली. ती थोडी चालली आणि पाय रोवून उभी राहिली. आबांनी पुचकारलं, ओढलं. ती हलली नाही.

आबा दोर सोडायला लागले. सगळं खाली उतरल्यावर म्हणाले, “वाघ थांबंल यानं. पर मास्तर, घोडी बी हितंच थांबंल.”

खिडक्यांतली पोरं हसली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर मात्र आबांजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “माझं चुकलं. मी वाघाचा विचार केला, घोडीचा केला नाही.” मास्तर असं म्हणू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आबांनीही पाहिलं. त्या दिवसापासून ते सरांना ‘सर’ म्हणायला लागले.

हलका पण मजबूत पाइप कुठून आणायचा यावर दोन वर्कशॉप गेले. उत्तर शेडच्या मागंच पडलेलं होतं. मोडक्या बाकांचा ढीग, कित्येक वर्षांचा, वेल वाढलेला. बाकांचे पाय पातळ चौकोनी पाइपचे होते. मैत्रिणीनं एक ओढून काढला, हातात तोलला आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. बाई कडक होत्या, खडू वाया गेला तरी रागवायच्या. त्या आमच्याबरोबर मागं आल्या आणि ढिगाकडे बघून म्हणाल्या, “ही बाकं आल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलतायत. न्या सगळी. आणि ते उरलेलं तेवढं झाडून घ्या.”

मग काय, शाळा सुटल्यावरही आम्ही थांबायला लागलो. बाकं कापली, गंज घासला. पाइपच्या चौकटी केल्या, त्यांत जाड तारेची जाळी बसवली. चौकटी एकमेकींत अडकवून वरून पीन सोडायची, की उभा राहिला पिंजरा. पीन काढली की सगळं सपाट. विजेच्या कामाच्या गटानं उन्हावर चार्ज होणारा दिवा केला. लहान जोड सगळ्यांनी केले, पण कोपरे सरांनी मला दिले. “सगळा जोर कोपऱ्यांवर येतो,” म्हणाले आणि दुसऱ्या टोकाला निघून गेले. मागं उभं राहून बघत बसले नाहीत.

दाराला आम्ही बाहेरून कडी लावली होती, नेहमी लावतात तशी. मैत्रीण बराच वेळ त्या कडीकडे बघत होती.

“आत माणूस हाय ना?” ती म्हणाली. “मंग कडी भायेर कशाला?”

खरंच की. इतक्या जणांत हे एकालाही सुचलं नव्हतं. तिनं तिच्या घरच्या दारासारखा आतून सरकणारा अडसर करायला लावला आणि पंजा आत येऊ नये म्हणून त्यावर पत्र्याचा तुकडा बसवला.

या वेळी घोडी चालली. मैदानाला फेरा मारून आली, वर शेपटीही उडवली. आबांनी पिंजरा उभा करायला लावला. भोवतीनं फिरले. एक एक कोपरा दोन्ही हातांनी धरून अंगाच्या जोरानं हिसडला.

“यातलं तुजं कंचं?” त्यांनी मला विचारलं.

“कोपरे माझे हायत.”

त्यांनी सगळे कोपरे पुन्हा एकदा हिसडून बघितले. मग हात झटकले आणि “व्हय” म्हणाले. आमच्या आबांच्या तोंडून इतकं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं.

अडलं ते आईपाशी. बिऱ्हाडावर पिंजरा उभा राहिला, संध्याकाळी भाकरी झाल्या, आणि आई आपली वाकळ घेऊन नेहमीच्या जागी निघाली.

“मी काय सर्कशीतली वाघीण हाय?” ती म्हणाली. “मानसं पिंजऱ्यात आन वाघ मोकळा, आसं कुटं आसतंय व्हय?”

आबांनी समजावलं, मी विनवलं. ती ऐकेना. मला राग आला. मी एक कोकरू उचललं, माझी गोधडी घेतली आणि आत जाऊन अडसर सरकवला. “मी झोपते हितं,” म्हटलं. “तू झोप भायेर.” दुसरं कोकरू बाहेर राहिलं होतं, ते जाळीला तोंड लावून ओरडायला लागलं. आईनं वाकून ते उचललं. मग पुटपुटत आली, “सरक तिकडं,” म्हणाली. ती पाठ टेकून झोपली तेव्हा तिनं हात वर करून जाळीला लावला आणि तसाच ठेवला. सकाळी मी उठले तर ती अजून झोपलेली होती. आईला झोपलेलं मी लहानपणापासून क्वचितच पाहिलं होतं. मी उठेपर्यंत ती नेहमी उठलेली असायची.

उन्हाळा लागायच्या आधी एकदा सकाळीच तिचा फोन आला. आत्यानं स्पीकर लावला.

“आलता,” आई म्हणाली.

“कोण?” आत्यानं विचारलं.

“त्यो. भोवतीनं फिरला. मंग म्होरं बसला. मी बी उटून बसले. लई वेळ बगत व्हता माझ्याकडं. मंग गेला.”

“आन कोकरं?” मी विचारलं.

“हायत की. झोपल्याली.” मग ती म्हणाली, “तुज्या सरान्ला सांग.”

मी धावत शाळेत गेले. वर्कशॉपचा दिवस नव्हता, सर दुसऱ्या वर्गावर होते. मी दारात उभी राहून सांगितलं. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली. मग वळून वर्गाला म्हणाले, “ऐकलंत?” त्या वर्गाला कशाचा काही पत्ता नव्हता, तरी सगळे हो म्हणाले.

ही गोष्ट मेंढरांच्या वाटेनं पसरली. पुढं दर आठवडी बाजारानंतर कुणी ना कुणी मेंढपाळ शाळेच्या आवाराशी येऊन उभा राहायचा, फेटा काढून हातात घेऊन. कुणाची बायको आजारी, कुणाची लहान पोरं रानात झोपायची. आमच्यानंतरच्या नववीनं पिंजरे केले, त्यांच्या पुढच्या नववीनं ते आणखी हलके केले. टेम्पोतून बिऱ्हाड नेणाऱ्यांसाठी एक निराळा प्रकार निघाला. मापं घ्यायला पोरं स्वतः जायची, आणि परत आली की त्या त्या घरचं माणूस आणि जनावर वर्गाला वर्णन करून सांगायची. शाळेचं फाटक राहिलं ते राहिलंच. अजूनही तिथं लाकडी आडवी फळीच आहे आणि बाई निवृत्त होईपर्यंत त्यावरून सरांना टोमणे मारत होत्या.

बारावीनंतर मी आयटीआयला वेल्डरचा कोर्स केला. मैत्रीण नर्स झाली. तिला रक्तगट तपासायला पहिल्यांदा त्याच शेडमध्ये शिकवलं होतं आणि पहिलं बोट तिनं माझं टोचलं होतं. मी काही दिवस बाहेर कामं केली. मग शाळेत निदेशिकेची जागा निघाली आणि मी परत त्या पत्र्याच्या शेडमध्ये आले, या वेळी शिकवायला. सर आता शेती आणि जनावरांचा गट बघतात. पहिल्या दिवशी एका मुलीचा रॉड चिकटला आणि माझा हात आपोआप पुढं गेला. सर लांबून बघत होते. मी हात मागं घेतला.

आबा आता फार फिरत नाहीत. थोडी मेंढरं ठेवली आहेत, आत्याच्या गावाशेजारीच खोप बांधली आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते. एका ओळखीच्या मेंढपाळाच्या पिकअपमध्ये घडीचा पिंजरा होता, नवा, हिरव्या रंगाचा. कुठल्याशा दुकानातून करून आणलेला. त्यानं हौसेनं आबांना दाखवला. आबांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, पीन काढून बघितली, परत घातली.

“चांगला हाय,” ते म्हणाले. “पर आमच्या शाळंचा न्हाई.”

“आमच्या म्हंजी?” तो माणूस हसत म्हणाला. “पावणं, तुमी कवा गेलता शाळंत?”

“घोडी घिऊन गेलतो की,” आबा म्हणाले, आणि मला काठीनं खूण करून शेरडांच्या बाजूला चालायला लागले.